अकरावा सूर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका न्हाणीघरात चला. लहानसंच आहे, सांभाळून या, नाहीतर बादलीला पाय लागेल. नळ पूर्ण सोडलेला आहे. बादली कधीच भरली आहे, पाणी वाहून मोरीत चाललं आहे, पण नळ कोणी बंद करत नाही. आरशासमोर एक म्हातारा माणूस बनियनवर उभा आहे. त्याच्या हातात एक पितळी वाद्य आहे. ट्रम्पेट तुम्ही चित्रात पाहिला असेल, हे त्याचं बुटकं भावंड, वर तीन कळा असलेलं. याला कॉर्नेट म्हणतात. आता सांगा पाहू, नळ कशासाठी सोडलाय?

बरोबर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ज्याने सगळा जन्म लोकांना ऐकू जावं म्हणून वाजवलं, तो माणूस आज आपला आवाज पाण्याखाली लपवतो आहे. का, ते सांगतो. पण त्याआधी त्याची ती धून ऐका.

म्हाताऱ्याने कॉर्नेट ओठांना लावला आणि हळू वाजवायला सुरुवात केली. धून छोटी होती, जेमतेम अकरा सुरांची. पहिले सूर पायऱ्या चढल्यासारखे एकेक करत वर गेले, मग थोडे खाली उतरले, पुन्हा वर निघाले, आणि शेवटचा, अकरावा, सगळ्यांत उंच सूर यायचा, तिथे नुसतीच हवा आली. फुस्स. सायकलच्या चाकातून येते तशी.

"दहा," दाराबाहेरून बारीक आवाज आला.

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

"टिकटिक, तू तिथे काय करतेस?"

"मोजतेय. सकाळपासून चार वेळा दहाच झालेत, आबा. एकदा नऊ."

टिकटिक ही त्याची नात, लेकीची लेक. वय वर्षं दहा. जिन्याच्या पायऱ्या, वेणीचे पेड, आईच्या हाका, जे दिसेल आणि ऐकू येईल ते मोजत सुटायची, म्हणून घरात तिचं नाव टिकटिक पडलं होतं. तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे नळाच्या आवाजाचा काही उपयोग नव्हता.

"आईला सांगू नकोस," आबा दार किलकिलं करून म्हणाले.

"काय सांगू नको? न्हाणीघरात पूर आलाय ते, की फुस्स होतंय ते?"

"दोन्ही."

गोष्ट अशी होती. दोन महिन्यांपूर्वी आबांचे वरचे पुढचे दात काढावे लागले होते आणि त्या जागी कवळी आली होती. जेवायला कवळी पुरते. पण कॉर्नेट वाजवणाऱ्याचे ओठ दातांच्या आधाराने उभे असतात. उंच सूर काढायचा तर माउथपीस ओठांवर दाबावा लागतो, ओठ दातांवर टेकतात, आणि मागचे दात जर भाड्याचे असतील तर ऐन वेळी ते सरकतात. आबांना हे कवळी बसवली त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी कॉर्नेट पुसून पेटीत ठेवून दिला आणि कोणी विचारलं तर "आता पुष्कळ झालं, शेजाऱ्यांनाही कान आहेत" असं म्हणून हसून वेळ मारून नेली.

आणि सोमवारी मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

मोठ्या सिस्टर म्हणजे मनोरुग्णालयाच्या मुख्य परिचारिका. आबांनी त्या रुग्णालयात बावीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं आणि निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. सिस्टरांचा आवाज पूर्वीसारखाच होता, घाई असली की एकदम गोड.

"बँडवाले, आहात ना? जुनी इमारत रिकामी करतोय. छताला भेगा पडल्यात, इंजिनिअरने गुरुवारची तारीख दिलीय. सगळे पेशंट गेले नव्या इमारतीत. एकच राहिलेत."

"शिंपीदादा," आबा म्हणाले. त्यांना विचारावं लागलं नाही.

"तेच. तुम्ही गेल्यापासून वॉर्डाबाहेर पडलेच नाहीत, जेवण-अंघोळ सगळं आतच. दाराशी येतात, उंबऱ्यापाशी पाय गोठतो. तुमची धून मोबाइलवर लावून पाहिली. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, मागे बघितलं. माणूस सापडला नाही. मग जाऊन खाटेखाली बसले ते दोन दिवस." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतात, नाइलाज झाला तर इंजेक्शन देऊन स्ट्रेचरवर नेऊ. ते वाईट नाहीत हो, बिचारे तरुण आहेत, छत पडलं तर जबाबदारी त्यांच्यावर. गुरुवारी दहा वाजता याल का? एकदाच वाजवा. तुमच्या मागून येतील ते."

आता या क्षणी आबांनी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं, मलाही कळतं. 'सिस्टर, माझे दात गेले, तो सूर आता लागत नाही.' एवढं एकच वाक्य. पण बँडमध्ये वाढलेल्या माणसाची एक खोड असते. ओठ गेला हे तो शेवटपर्यंत कोणाला सांगत नाही. तिथे ताप लपवतात, फुटलेला ओठ लपवतात, थंडीने बधिर झालेली बोटं लपवतात, कारण ज्याचा ओठ गेला त्याचं वाद्य दुसऱ्याच्या हातात जातं. फौज सोडून एकतीस वर्षं झाली तरी ही खोड आबांना सोडून गेली नव्हती.

"येतो की," ते म्हणाले. "दहाला पाच कमी असताना हजर."

फोन ठेवला आणि त्यांनी पेटीतून कॉर्नेट पुन्हा बाहेर काढला.

लेकीला मात्र आनंद झाला. "बघा बाबा, अजून तुमच्यावाचून त्यांचं अडतं!" म्हणत तिने आबांचा निळा कोट काढला, त्याला इस्त्री केली, आणि समोरच्या घरात, वरच्या मजल्यावर, जिन्यात भेटेल त्याला ही बातमी सांगून आली. ती जसजशी सांगत सुटली तसतसा खरं बोलायचा रस्ता आबांना बंद होत गेला. मंगळवारी ते गुपचूप दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरने विचारलं, "सवय होईल हळूहळू. जेवता येतंय ना?" आबांनी मान हलवली. "येतं." वाजवता येत नाही हे ते तिथेही बोलले नाहीत.

बुधवारी दुपारी लेक कामावर गेली होती. आबा पलंगाच्या कडेला बसून कळांना तेल लावत होते. टिकटिक समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"आबा, तुम्ही घाबरलाय का?"

"फौजी घाबरत नसतो."

"मग नळ का सोडता?"

आबांनी तेलाची बाटली बंद केली, उघडली आणि पुन्हा बंद केली.

"मी तुमच्यापेक्षा खाली बसलेय," टिकटिक म्हणाली. "म्हणून विचारलं."

आबांना हसू आलं. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती चार-पाच वर्षांची असताना शेजारचं मांजराचं पिल्लू कपाटामागे जाऊन बसलं होतं आणि ती हात घालून ओढत होती, तेव्हा. घाबरलेल्याला धरायचं नाही. त्याच्यापेक्षा खाली बसायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आपला श्वास मात्र त्याला ऐकू जाईल असा घ्यायचा, सावकाश. आणि वाट बघायची. पिल्लू बाहेर आलं होतं, टिकटिकने मोजलं होतं त्याप्रमाणे दोनशे चाळीस श्वासांनी.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तिने आज विचारलं.

"कोणी नाही. माझे गुडघे गेले, तेव्हा कळलं."

आणि मग, सूर लागत नव्हता म्हणून की काय, आबा बोलायला लागले.

फौजेत असताना ते बँडमध्ये होते. शांततेच्या दिवसांत बँड परेडला वाजवतो, पाहुण्यांपुढे वाजवतो, लोक टाळ्या वाजवतात. लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत जातात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतात. जखमींना उचलून मागे आणायचं काम त्यांचं. आबांच्या स्ट्रेचरचं दुसरं टोक ड्रमवाल्याकडे असायचं. दांडगा माणूस, बोलघेवडा, दोघांचं जेवण एकटा संपवायचा. अकराव्या दिवशी जवळच एक तोफगोळा पडला. धूळ बसली तेव्हा आबांनी पाहिलं, ड्रमवाला खड्ड्यात उभा होता आणि नखशिखांत थरथरत होता. अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

"मी त्याला हाका मारल्या, दंडाला धरलं, गदागदा हलवलं. जेवढं धरावं तेवढा तो जास्त थरथरायचा. मग माझेच पाय लटपटले. मी मटकन खाली बसलो, त्याच्या पायांशी. हुशारीने नाही हं, उभं राहवेना म्हणून. धापा टाकत होतो. आणि थोड्या वेळाने बघतो तर तो माझ्या श्वासाबरोबर श्वास घेतोय. मग तोही बसला. मग आम्ही दोघं चालत परत आलो."

"मग तो बरा झाला?"

"थोडा. त्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला जायचो. तिथली माणसं त्याला चौघं मिळून उचलायची, या खोलीतून त्या खोलीत. मला ते बघवेना. फौज सोडल्यावर लोक म्हणाले, लग्नाच्या बँडमध्ये जा, चांगलं चालेल. मी म्हटलं, नको, मला अशाच दवाखान्यात काम द्या."

तिथे पहिल्याच महिन्यात त्यांना शिंपीदादा भेटले. हा माणूस कोणत्याही दारातून जायचा नाही. का ते कोणालाच कळलं नव्हतं, त्यांनी सांगितलंही नव्हतं. जेवायला, अंघोळीला, कामाच्या खोलीत, प्रत्येक वेळी चौघं जण उचलून न्यायचे आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी तोंडाला ओरबाडलेलं असायचं. आबा त्यांच्यापेक्षा खाली बसून पाहत राहिले. दिवसच्या दिवस. एकदा संध्याकाळी त्यांनी सहज कॉर्नेट आणला आणि फौजेतली परतीची धून वाजवली. दिवसभराचं काम संपलं, सगळ्यांनी आपापल्या जागी परत या, असं सांगणारी ती धून. अकरावा सूर लागला, आणि शिंपीदादा उठून स्वतःच्या पायांनी दारातून गेले.

तेव्हापासून तसंच चाललं. साडेपाचला धून वाजायची आणि कामाच्या खोलीतून सगळे वॉर्डात परतायचे. कोणी ढकलायचं नाही, कोणी ओढायचं नाही. आबा वाजवत पुढे चालायचे आणि चालताना मागे वळून बघायचे नाहीत.

"मागे का नाही बघायचं?"

"तुझ्या मागे आई उभी राहून तू गृहपाठ करतेस का बघते, तेव्हा तुला कसं वाटतं?"

"पळून जावंसं."

"तसंच. मागून येणाऱ्याकडे बघत बसलं की त्याला वाटतं, आपल्याला हाकतायत."

शिंपीदादा फार बोलायचे नाहीत. बोलले तर मापांविषयी. नजरेने अचूक माप घ्यायचे. सिस्टर औषध घेऊन आल्या की म्हणायचे, "कंबर दोन बोटं वाढली." सिस्टर चिडायच्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणात एक पोळी कमी घ्यायच्या. मापाची कापडी फीत वॉर्डात ठेवायला बंदी, म्हणून आबांनी त्यांना कागदाची करून दिली होती. ती फाटली की नवी.

"त्यांना मी एक शब्द दिला होता," आबा म्हणाले. त्यांनी कॉर्नेट मांडीवर आडवा ठेवला. "मी आहे तोवर तुम्हाला कोणी उचलून नेणार नाही, म्हणून."

"आणि उद्या दहाच सूर झाले तर?"

आबा रुमालाने कळांवरचं जादा तेल पुसत राहिले.

"सिस्टरांना सांगून टाका ना, आबा."

"सांगतो. सकाळी गेल्या गेल्या सांगतो."

गुरुवारी सकाळी गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं नाही. लेकीने टिकटिकला बरोबर धाडलं होतं. शाळेला सुट्टी होती आणि "आबांना एकटं सोडू नकोस, आजकाल त्यांचं लक्ष नसतं" असं बजावून पाठवलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. सिस्टर धावत आल्या, दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्ही आलात, आता मला काळजी नाही." त्यानंतर कुठे आणि कसं सांगायचं?

जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये मोठं मोकळं आवार होतं. बरोबर मधोमध पाण्याचा एक नळ, अलीकडे जुन्या इमारतीजवळ एक बाक आणि एक झाड. टिकटिकने येतानाच अंदाज केला होता, दोनशे पावलं. जुन्या इमारतीच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. आत कॉट काढलेल्या, भिंतीवर त्यांच्या चौकोनी खुणा, आणि छतावरून कोपऱ्यापर्यंत गेलेली बोटभर रुंद भेग. झाडाखाली दोन मदतनीस स्ट्रेचर उभं धरून थांबले होते. तरुण डॉक्टर त्यांच्याशेजारी होते. हातातल्या ट्रेवर पांढरा रुमाल झाकलेला होता. रुमालाखाली काय आहे हे आबांना रुमाल न उचलता माहीत होतं.

"किती वेळ लागेल साधारण?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं. "इंजिनिअर साडेदहाला कुलूप लावणार."

"लागेल तेवढा," सिस्टर आबांच्या वतीने म्हणाल्या.

टिकटिक पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसली. आबा पायऱ्यांपासून पाच-सहा हात अंतरावर जाऊन उभे राहिले.

दारात शिंपीदादा होते. खूप वाळले होते. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, काखेत कपड्यांचं गाठोडं होतं आणि गळ्यात कागदाची फीत. नऊ वर्षांत ती बदलायला कोणी नव्हतं. जागोजागी चिकटपट्टी लावलेली होती. त्यांनी आबांकडे पाहिलं आणि एकदम सरळ उभे राहिले, परेडला उभं राहावं तसे. उजवा पाय उंबऱ्याच्या मागे तयार ठेवला. त्यांचा पूर्ण विश्वास होता. आबांना त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली.

त्यांनी कॉर्नेट ओठांना लावला. एक, दोन, तीन. आवारात सूर स्वच्छ घुमले. पाच, सहा. शिंपीदादांचा पाय उचलला गेला. आठ, नऊ, दहा. पाय उंबऱ्यावर आला, हवेत थांबला, खाली टेकायला फक्त अकराव्याची वाट.

फुस्स.

पाय मागे गेला.

"पुन्हा," सिस्टर हळूच म्हणाल्या. "गारठ्याने झालं असेल."

दुसऱ्यांदा नवव्यालाच कवळी सरकली. तिसऱ्यांदा आबांनी इतकं दाबलं की ओठ फुटला आणि सातव्या सुराचाच किंचाळल्यासारखा आवाज झाला. शिंपीदादांच्या हातातून गाठोडं पडलं. त्यांनी तळहाताने दाराच्या चौकटीवर मारायला सुरुवात केली. धप, धप, धप. आबा हा आवाज ओळखत होते. तो वाढत जातो. तो आला की पूर्वी चौघं धावत यायचे.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मदतनिसांनी स्ट्रेचर आडवं केलं.

आबांच्या तोंडात रक्ताची चव होती. हातातल्या कॉर्नेटच्या कळा आपोआप खडखडत होत्या. त्यांना बोलायचं होतं, 'थांबा, चूक माझी आहे, मी सोमवारीच सांगायला हवं होतं,' पण श्वासच पुरा पडत नव्हता. अर्धा आत जायचा आणि तिथेच अडकायचा. सगळं आवार आपल्याकडे बघतंय, एवढंच कळत होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे एक खड्डा होता, धूळ होती, आणि खड्ड्यात उभा राहून एक माणूस थरथरत होता. या वेळी त्याचा चेहरा ड्रमवाल्याचा नव्हता.

जवळ पावलं वाजली. हलकी, सावकाश. कोणीतरी कॉर्नेट काढून घ्यायला येतंय, त्यांना वाटलं. घेऊ दे. पण कोणी कॉर्नेटला हात लावला नाही, त्यांच्या दंडालाही धरलं नाही. पायांशी काहीतरी सळसळलं. मग एक श्वास ऐकू आला. लांब, नाकातून आत. लांब, तोंडातून बाहेर. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

आबांनी डोळे किलकिले केले. टिकटिक त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या बुटाच्या नाडीकडे बघत होती आणि श्वास घेत होती.

घाबरलेल्यापेक्षा खाली बसायचं. बावीस वर्षं शेकडो लोकांसमोर बसलेल्या त्या माणसाला हे समजायला थोडा वेळ लागला की आज या आवारात तो घाबरलेला माणूस कोण आहे.

त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि तिच्या श्वासामागे आपला श्वास सोडला. पहिला मध्येच तुटला. दुसराही. तिसरा पोटापर्यंत गेला.

चौकटीवरची धपधप ऐकू येत होती. मग जरा हळू झाली. मग दोन धपांमध्ये मोठं अंतर पडलं. मग ती थांबली. कोणीतरी "अगं बाई" असं पुटपुटलं, बहुतेक सिस्टरच. आणि आता खालून एकाऐवजी दोन श्वास ऐकू येत होते. एक बारीक आणि एक जाडसर, थोडा घरघर करणारा.

आबांनी डोळे उघडले. पायांशी दोन डोकी होती. एक दोन वेण्यांचं, एक पांढरं.

शिंपीदादा तिन्ही पायऱ्या उतरून आले होते आणि टिकटिकच्या शेजारी, तिच्यासारखीच मांडी घालून बसले होते. त्यांच्या समोर कोणीतरी असं बसायचं, ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. समोरचा माणूस थरथरायला लागला की काय करायचं असतं, हे या आवारात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांना उंबरा आठवलाच नव्हता.

डॉक्टरांच्या हातातला ट्रे मध्येच थांबला होता.

बऱ्याच वेळाने शिंपीदादांनी मान वर केली. आबांच्या तोंडाकडे नजर रोखून पाहिलं, एक डोळा बारीक करून, पूर्वी पाहायचे तसं.

"सैल आहे," ते म्हणाले.

"काय?"

"वरची कवळी. माप चुकलंय. कोणी घेतलं?"

आबांच्या छातीतून जे बाहेर पडलं ते आधी हुंदक्यासारखं होतं, मग ते हसू निघालं. "दातांच्या डॉक्टरने हो, शिंपीदादा. मला नाही जमत आता. तो वरचा सूर नाही लागत. मी सांगितलं नाही कोणाला."

"सैल आहे," शिंपीदादा पुन्हा म्हणाले, आणि एवढ्यावर त्यांच्या दृष्टीने विषय संपला. "काढा."

आबांनी सगळ्यांदेखत, सिस्टर, डॉक्टर, दोन मदतनीस आणि नात यांच्यासमोर, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि निळ्या कोटाच्या खिशात टाकली. बोळक्या तोंडाने कॉर्नेट धरला. दाबायला काही उरलंच नव्हतं, म्हणून दाबला नाही. धून त्यांनी पार खालून धरली, जिन्याच्या तळातून, जिथे त्यांनी ती कधीच वाजवली नव्हती. सूर जाड, फाटके, म्हातारे निघाले. पण निघाले. दहा. आणि मग अकरावा, तोच सूर, एक मजला खालचा.

शिंपीदादांनी मान तिरकी करून ऐकलं. खांद्यावरचं कापड कसं बसलंय ते बघावं तसं. "चालेल," ते म्हणाले आणि उठले.

उठल्यावर त्यांना दिसलं की ते कुठे उभे आहेत. मागे दार. डोक्यावर नुसतं आकाश. पुढे लांबच लांब आवार आणि त्याच्या टोकाला आणखी एक दार, कधी न पाहिलेलं. त्यांचे खांदे वर चढले. हात चौकट शोधायला लागला आणि तिथे चौकट नव्हती. झाडाखालचा एक मदतनीस पुढे सरला. सिस्टरांनी हात वर करून त्याला जागीच थांबवलं.

धून चालू ठेवायला हवी होती, ती थांबली तर सगळंच थांबणार होतं. आणि कोणीतरी पुढे चालायला हवं होतं. पूर्वी आबा दोन्ही एकट्याने करायचे. आज श्वास जेमतेम वाजवण्यापुरता होता, चालता चालता हा नवा, खालचा सूर धरणं त्यांना साधणार नव्हतं. तोंडाला कॉर्नेट, त्यामुळे सांगायचं तरी कोणाला आणि कसं? त्यांनी वाजवता वाजवता नुसतं टिकटिककडे पाहिलं.

ती केव्हाच उठली होती. तिने फ्रॉकची माती झटकली, बाकाजवळ जाऊन कॉर्नेटची रिकामी पेटी उचलली आणि नव्या इमारतीकडे तोंड करून चालायला लागली. पळाली नाही. खरं तर तिला पळायचं होतं, तिच्या खांद्यांवरून ते कळत होतं. पण तिने एकेक पाऊल असं टाकलं जसं काही दोनशे पावलं चालायला तिच्याजवळ पूर्ण दिवस होता.

आबा वाजवत राहिले. शिंपीदादांनी पेटीकडे पाहिलं, मग त्या लहान पाठीकडे. एक पाऊल पडलं. मग दुसरं. टिकटिक पाण्याच्या नळापर्यंत येईतो मागून त्यांच्या चपलांचा आवाज एकसारखा येत होता. मग तो एकाएकी थांबला.

नळापाशी टिकटिकच्या वेण्या हलायच्या थांबल्या. मान उजवीकडे वळायला निघाली, इतकुशी. आबांनी तोच सूर धरून ठेवला. तिला ऐकू येत नव्हतं, मागे काय झालं, कोणी आहे की नाही, आणि बघायला फक्त एक मान वळवायची होती.

तिने पेटी या हातातून त्या हातात घेतली. मान सरळ केली. आणि मागे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असा एक लांब श्वास घेऊन, पुढचं पाऊल टाकलं आणि मोठ्याने मोजलं, "एकशे एक."